दुसरं पान

पहाटे साडेपाचला मी हवामान वाचते
लिटल सॉल्ट आर्मच्या रेडिओवर.
स्टुडिओ म्हणजे अग्निशमन केंद्राच्या मागची खोली,
भिंतीला अंड्यांचे ट्रे ठोकलेले.
रोज एकच पान असतं:
वारा ईशान्येचा, पंधरा नॉट, दुपारून वीस.
लाटा दोन मीटर.
धुकं.
मग सरकारी पत्र असावं तसं, पुन्हा धुकं.

आज मात्र दुसरं पान जोडून आलंय.
उन्हाळ्याच्या तोंडाचा अंदाज, पूर्व किनारा:
तापमान सरासरीहून अधिक राहण्याची
शक्यता चाळीस टक्के.
उरलेले साठ कुणाच्या पदरात, ते लिहिलेलं नाही.
मी आहे तसं वाचलं. आवाज सरळ ठेवला.

सहा वाजता फोन सुरू.
आधी ऑबेड पिन्सेंट, ठरलेला:
"तुझे चाळीस टक्के येऊन
माझ्या माचावर कॅपेलिन सुकवणार का गं?"
मग डोर्कस. वीस जूनला तिच्या लेकीचं लग्न,
टेकडीवर, उघड्यावर, पांढऱ्या खुर्च्या भाड्याने आणून.
"तंबू सांगू का नको? एवढंच बोल.
हो किंवा नाही."
मग सेल्विन, जो पाहुण्यांना बोटीतून हिमनग दाखवतो:
"उष्ण-बिष्ण म्हणू नकोस बाई जाहीरपणे.
तुझ्या तोंडच्या वाफेनं वितळेल माझा धंदा."

एकच आभाळ, आणि प्रत्येकाला
आपल्या मापाचं बेतून हवंय.
मी म्हणते, मी शिंपीण नाही, मी फक्त वाचते.
कुणाला पटत नाही.
जो वाचतो त्यानंच लिहिलंय, अशी समजूत
या किनाऱ्यावर बायबलपासून चालत आलीय.

माझ्या वडिलांच्या वह्या आहेत घरात, सतरा.
पेन्सिलीने, कंजुषीनं, रोजची एक ओळ.
९ जून. धुकं. गळाला काही नाही.
१० जून. धुकं.
११ जून. तेच.
त्यांचा अंदाज तोंडपाठ आहे मला:
बर्फ सरला की धुकं, धुक्याआडून कॅपेलिन,
कॅपेलिनमागे कॉड, कॉडमागे आपण.
(देवमासे, आणि देवमाशांमागचे कॅमेरे
ही भर नंतरची.)

एक ओळ मी पुन्हा पुन्हा काढून बघते.
कॉड धरायला बंदी आली, त्या जुलैतली.
"स्वच्छ. वारा नाही. पाणी तेलासारखं.
इतका चांगला दिवस यंदा आला नव्हता."
त्यापुढे वही कोरी आहे.
बोट अंगणात पालथी पडून होती
आणि ते पायरीवर बसून
चांगला दिवस संपायची वाट बघत होते.
त्या दिवशीचा अंदाज बरोबर होता का चूक,
कुणाला विचारायचं?

दोन आठवडे गेले. पारा सातच्या वर जाईना.
दोऱ्यावरचे कपडे तीन दिवस ओलेच,
चौथ्या दिवशी आत आणले, तसेच.
सेल्विनचा हिमनग खाडीच्या तोंडाशी रुतून बसलाय,
पण दिसत नाही.
पाहुणे पैसे भरून
धुक्यात गार लागतं त्या बाजूचा फोटो काढतात.
दुकानात मला बघून कुणीतरी म्हणतं, चाळीस टक्के!
आणि बटाट्यांच्या रांगेत हशा पिकतो.
मीही हसते. काय करणार,
हवामान खात्याचं तोंड
इथे माझ्याच चेहऱ्यावर आहे.

काल रात्री, नाही, आज पहाटेच म्हणायची ती,
पावणेचारला फोन वाजला.
ऑबेड.
बोलला नाही. फोन समुद्राकडे धरून उभा राहिला.
आधी मला नुसती रिमझिम ऐकू आली,
मग गोट्यांवर काहीतरी ओलं, असंख्य,
आपटणारं, सरकणारं, परत आपटणारं;
मग पोरांचा आरडाओरडा, बादल्या,
आणि गमबुटात पाणी शिरलेल्या कुणाची तरी शिवी.
आले होते.
चंदेरी, बोटाएवढे, लाटेसरशी वाळूवर,
अगदी याच गार, गळक्या, बिनभरवशाच्या हवेत,
जिचा दुसऱ्या पानावर उल्लेख नव्हता.

बऱ्याच वेळानं त्यानं फोन तोंडाशी नेला.
"ऐकलंस?"
ऐकलं, म्हटलं.
"मग डोर्कसला सांग," ऑबेड म्हणाला,
"तंबू घे म्हणावं. मोठा."